आधी विचारा, मग तेल लावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर थोड्या दिवसांनी आपल्या पेपरात किनारपट्टीवरच्या कुठल्यातरी स्पावर धाड पडल्याची बातमी असते आणि दुसऱ्या दिवशी आमच्यासारख्यांना वाड्यावर तोंड चुकवत फिरावं लागतं. मी मूळ पेडण्याची, लग्न होऊन म्हापशाच्या बाजूला आले, बरीच वर्षं मसाज थेरपिस्ट म्हणून काम करते, आधी हॉटेलच्या स्पामध्ये होते आता एका आयुर्वेद डॉक्टरांच्या हाताखाली आहे. धाडी टाका, जिथे चुकीचं चालतं तिथे टाकायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण जिथे सगळं कायदेशीर चालतं, स्वच्छ टॉवेल, एसी, मंद म्युझिक, तिथेसुद्धा गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायच्या आधी त्याला कोणी विचारत नाही की बाबा तुला बीपी आहे का, शुगर आहे का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, हल्ली कसलं ऑपरेशन झालंय का. मेनू कार्ड पुढे करतात आणि विचारतात साठ मिनिटं की नव्वद. हे कोण तपासणार, यावर कधी बातमी आलेली मी तरी वाचली नाही, म्हणून हे पत्र.

का विचारायचं ते सांगते. मागे एकदा एक टॅक्सीवाले काका आले, मोपा विमानतळावर धंदा करणारे, तासन्तास सीटवर बसून असतात. म्हणाले उजवी पोटरी भरून आलीय, जरा जोर लावून रगड, सगळी नस मोकळी कर. चादर बाजूला केली तर एकच पोटरी सुजलेली, दुसरीपेक्षा चांगली जाड, कातडी तकतकीत आणि उलटा हात लावून बघितला तर गरम. दोन्ही पाय सारखे दुखतात तेव्हा बहुतेक वेळा ते दमलेले असतात, पण एकच पाय असा सुजून गरम झाला की आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि अशा पायाला मालिश केली तर ती गुठळी सुटून वर फुप्फुसात जाऊन अडकू शकते, मग माणूस हाती लागत नाही. मी तेलाची वाटी खाली ठेवली, म्हटलं काका मी हात लावणार नाही, तुम्ही आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा. ते चिडले, म्हणाले बाय मी मालिश करून घ्यायला आलोय सल्ला घ्यायला नाही. शेवटी त्यांच्या मुलाला फोन करून बोलावलं आणि त्याच्याबरोबर पाठवून दिलं. सोनोग्राफीत गुठळीच निघाली. आता हेच काका दुसऱ्या एखाद्या ठिकाणी गेले असते आणि तिथल्या पोरीने मालक ओरडेल म्हणून गुमान रगडलं असतं तर, विचार करा.

हे वाचून कोणी मालिशला घाबरू नये, मी स्वतः त्यावरच पोट भरते आणि मालिशने माणसाला बरं वाटतं हे रोज डोळ्यांनी बघते. दुखऱ्या जागेवर आपण आपोआप हात चोळतो ना, त्याचं कारण शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलंय, मेलझॅक आणि वॉल म्हणून दोघे होते, त्यांचं म्हणणं असं की स्पर्शाचे आणि दाबाचे सिग्नल मणक्यातल्या मज्जारज्जूत पोचले की दुखण्याचे सिग्नल तिथेच अडवले जातात, मेंदूपर्यंत कमी पोचतात. नंतरच्या लोकांनी त्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या पण मूळ मुद्दा टिकला. शिवाय सावकाश एका लयीत मालिश झाली की श्वास संथ होतो, नाडी जरा उतरते, आखडलेला स्नायू सैल पडतो, कितीतरी माणसं टेबलावर घोरायला लागतात. एवढं पुरेसं आहे की! त्याच्यावर आणखी शरीरातले टॉक्सिन बाहेर पडतात वगैरे जे बोर्डावर लिहितात ते मला पटत नाही, टॉक्सिन काढायला देवाने लिव्हर आणि किडनी दिलीय. तसंच लॅक्टिक ॲसिड. फुटबॉल खेळून आलेली पोरं सांगतात ताई लॅक्टिक ॲसिड काढा, अरे ते तू घरी पोचेपर्यंत आपणच निघून गेलेलं असतं, तासाभरात रक्तातून जातं. दुसऱ्या दिवशी जे अंग ठणकतं ते स्नायूंना बारीक इजा होते त्याचं, आणि त्या ठणक्याला मालिशने थोडा आराम पडतो एवढं खरं.

आता प्रकारांबद्दल, कारण लोक मला फोनवर हेच विचारतात की कुठलं चांगलं.

मेनूवर पहिलं नाव असतं ते स्वीडिश. हे सगळ्यात सौम्य, पहिल्यांदा करून घेणाऱ्याने इथूनच सुरू करावं. त्यात लांब हात सरकवणं, कणीक मळल्यासारखं मळणं, बोटांनी गोल घासणं, थापटणं आणि कंप देणं असे पाच हात असतात. नाव स्वीडिश, श्रेय देतात स्टॉकहोमच्या लिंग नावाच्या व्यायाम शिकवणाऱ्याला, पण हे पाच हात बसवून त्यांना फ्रेंच नावं दिली ती मेझगर नावाच्या डच डॉक्टरने असं आता मानतात. असो, आपल्याला काय, अंग मोकळं झाल्याशी मतलब. झोप लागत नाही, दिवसभर कॉम्प्युटरवर बसून खांदे कानाला लागलेत, टेन्शन आहे, अशांना हे चांगलं.

दुसरं डीप टिश्यू, म्हणजे खोलवर दाब देऊन करतात ते, आणि आमच्या लोकांना हेच पाहिजे असतं. पाडेली माडावर चढून चढून खांद्यात गाठी घेऊन येतात, शिगमो झाला की रोमटामेळात रात्र रात्र ढोल वाजवलेली पोरं येतात, एक खांदा वर एक खाली, चवथीनंतर, गणपतीच्या डोक्यावरची फळांची माटोळी बांधताना वर बघून बघून मान धरलेले येतात. या सगळ्यांचं एकच, जोरात करा, दुखलं तरी चालेल, पैसे वसूल झाले पाहिजेत! दुखलं म्हणजे काम झालं असं नसतं हो. जोर जास्त झाला की स्नायू उलट आणखी आवळतो, आणि दुसऱ्या दिवशी निळे डाग पडले तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, आत रक्त साकळलेलं असतं. नीट शिकलेली थेरपिस्ट आधी हलक्या हाताने जागा गरम करते, मग कोपर किंवा आंगठा टेकवून हळूहळू वजन देते आणि मधूनमधून विचारते, दाब बरोबर आहे का. दहापैकी सहा-सातपर्यंत दुखणं ठीक, श्वास रोखून धरावा लागला की सांगायचं थांब म्हणून. यात लाज कसली. आणि ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत किंवा हाडं ठिसूळ झालीत त्यांनी डीप टिश्यूच्या वाटेला जाऊ नये, त्यांना हलका हात पुरे.

थाई मसाज म्हटलं की आपल्याकडे लोक डोळे मिचकावतात, मला त्याचा भारी राग येतो. खरं थाई मसाज अंगभर सैल कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर करतात, त्यात तेल नसतं, थेरपिस्ट आंगठे, तळहात, कोपर, गुडघे वापरून दाब देते आणि हातपाय ओढून वळवून ताणते, बघणाऱ्याला वाटावं दुसराच कोणीतरी आपल्याला योगासनं घालतोय. बँकॉकच्या वाट फो देवळात याच्या रेषा आणि बिंदू दगडावर कोरून ठेवलेत आणि २०१९ साली युनेस्कोने ही विद्या आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यांनी जपलं, आम्ही त्याच नावाने भलते धंदे चालू दिले. ज्यांचं अंग ताठ झालंय, वाकता येत नाही, त्यांना हे छान, पण गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, स्लिप डिस्क असेल तर ओढाताण नको. जपानी शियात्सू त्याच्याच जवळपासचं, कपड्यावरूनच, फक्त त्यात ताणण्यापेक्षा आंगठ्याचा दाब जास्त. जपानात अंध लोकांनी पिढ्यानपिढ्या मालिशचा धंदा केलाय, त्यांच्या बोटांना जे कळतं ते आम्हा डोळसांना कळायला फार वेळ लागतो.

फूट रिफ्लेक्सॉलॉजीत तळपायाचा नकाशा दाखवून सांगतात इथे दाबलं की लिव्हर, इथे दाबलं की किडनी. पाय दाबून घ्यायला कोणाला आवडत नाही, दमलेल्या माणसाला त्याने झोप लागते, जरूर घ्या. पण तळव्यावर दाबून किडनी सुधारते याला भक्कम पुरावा नाही, म्हणून त्याच्या जिवावर गोळ्या बंद करू नका. आपल्याकडे आज्या काशाच्या वाटीने तूप किंवा खोबरेल लावून तळपाय घासायच्या तेही मला याहून कमी वाटत नाही. फक्त वाटीने काळं निघालं की म्हणतात अंगातली उष्णता निघाली, ते काही नाही, काशातलं तांबं तेलातुपाबरोबर घासलं जाऊन काळं पडतं, वाटी बदला काळेपणा बदलेल. झोप मात्र मस्त लागते.

हॉट स्टोनबद्दल एकच सांगायचंय आणि ते जोरात सांगायचंय. शुगरवाल्यांनी सांभाळा. जुनी शुगर असली की पायांच्या नसा बधिर होतात, दगड किती तापलाय ते कळत नाही, फोड आल्यावर कळतं, आणि शुगरवाल्याच्या पायाची जखम म्हणजे महिनोन्महिने ड्रेसिंग. हेच गरम पाण्याच्या पिशवीला आणि शेकायच्या पोटलीलाही लागू.

लिम्फॅटिक ड्रेनेज, म्हणजे सुजेचं साचलेलं पाणी हाताने पुढे सरकवणं, हा प्रकार हल्ली चेहरा बारीक करा, पोट कमी करा म्हणून विकतात. हा मुळात एका डॅनिश माणसाने, एमिल वॉडरने, १९३० च्या दशकात बसवला, इतका हलका हात की कातडी फक्त सरकते. याचा खरा उपयोग कुठे, तर छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांचा हात सुजतो तिथे, तोही नुसता मसाज नाही, त्याच्याबरोबर दाबाची पट्टी, व्यायाम आणि कातडीची निगा असं सगळं मिळून, आणि शिकलेल्या माणसाकडूनच. वजन कमी करायला जाल तर इंचटेपावर अर्धा इंच दिसेल, ते पाणी असतं, दोन दिवसांत परत येतं. चरबी कुठल्याच मालिशने वितळत नाही, कोरडी पूड घासून करतात त्या उद्वर्तनाने पण नाही, हे मी आयुर्वेदाच्या ठिकाणी काम करूनही सांगते आणि आमचे डॉक्टरसुद्धा पेशंटला आधी जेवण आणि चालणं सांगतात.

आता आयुर्वेद, जो माझा विषय. अभ्यंग म्हणजे कोमट तेलाने सगळ्या अंगाला मालिश, आमच्याकडे दोघी दोन बाजूंनी एकाच वेळी करतो, हात सारखे चालले पाहिजेत, एकीचा हात पुढे एकीचा मागे झाला की पेशंटला लगेच कळतं. तेल माणूस बघून ठरतं, तिळाचं नेहमीचं, दुखण्याला महानारायण, कोणाला क्षीरबला, उन्हाळ्यात अंगाची आग होते त्याला खोबरेल. उद्वर्तनात कोरडी पूड उलट्या दिशेने घासतात, त्याने कातडी मऊ होते आणि अंग हलकं वाटतं. पोटली म्हणजे पाला किंवा चूर्ण फडक्यात बांधून गरम तेलात बुडवून शेकायचं, सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या माणसांना याने फार बरं वाटतं. शिरोधारेत माणसाला उताणं झोपवून कपाळापासून चार बोटं वर भांडं टांगतात, त्याच्या भोकातून वात सोडलेली असते आणि त्या वातीवरून कोमट तेलाची धार कपाळावर डावीउजवीकडे फिरवत राहायची, अर्धा पाऊण तास. बघायला सोपं दिसतं. पण तेल थंड होत जातं, म्हणून खाली गोळा झालेलं काढून परत कोमट करायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं आणि मगच भांड्यात घालायचं, धार कुठे तुटता कामा नये, डोळ्यांवर पट्टी आहे ना तेल आत जात नाही ना ते बघायचं. काही माणसं धार सुरू झाली की पाच मिनिटांत झोपतात, काही उगाचच रडतात, आम्ही विचारत नाही.

आणि गंमत बघा, कोणाला मालिश करायची नाही हे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतच लिहून ठेवलंय. कफ वाढलेला असताना नको, अजीर्ण झालेलं असताना नको, नुकतंच पंचकर्मातलं शोधन झालं असेल तर नको. म्हणजे आधी विचारा हा काही माझा शहाणपणा नाही, हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनासुद्धा ते कळत होतं. नव्या डॉक्टरांची यादी थोडी वेगळी, ताप, कातडीचा संसर्ग, उघडी जखम, ताबा नसलेलं बीपी, गुठळी, नुकतं मोडलेलं हाड, कॅन्सरची गाठ असलेली जागा. दोन्ही याद्या एकाच कागदावर मावतात.

घरातल्या मालिशबद्दल लिहिलं नाही तर सासूबाई रागावतील. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई येते, पाय पसरून पाटावर बसते, बाळाला पायांवर आडवं घेते आणि खोबरेल लावून असं काही मऊ करते की पोर रडता रडता गप्प होतं. हे चांगलंच आहे, हलक्या हाताच्या मालिशने बाळ शांत झोपतं आणि आईचा हात लागला तर दोघांची ओढ वाढते. कमी दिवसांच्या बाळांचं वजनही नीट मालिशने जरा चांगलं वाढतं असं अभ्यासात दिसलंय, पण अशा बाळाला डॉक्टरांना विचारूनच. पण त्या बाईला तीन गोष्टी करू देऊ नका. नाकात आणि कानात तेल घालणं, कारण नाकातलं तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटणं आणि डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं. आणि नवजात बाळाची छाती सुजलेली दिसते ती पिळून चीक काढणं, ती सूज आपोआप जाते, पिळली की पू होतो. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला टाका भरेपर्यंत हात लावायचा नाही, पाठ, पाय, डोकं करा. आणि पोटुशी बाईने कोणाकडेही जायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारायचं, कुशीवर झोपवून हलक्या हाताने करणारी शिकलेली थेरपिस्ट असेल तरच जायचं.

पडझडीचं तर विचारूच नका. काजूच्या झाडावरून, आंब्यावरून पोर पडलं आणि कोपर सुजलं की पहिली धाव तेल लावून हाड बसवणाऱ्याकडे. एक्सरे नंतर, दुखायचं थांबलं नाही तर. मी हात जोडून सांगते, मार लागलेल्या कोपराला मालिश करू नका. कोपराभोवतीच्या स्नायूला रगडलं की त्या स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं आणि मग तो हात पुरता सरळही होत नाही आणि पुरता दुमडतही नाही, पोराला घास तोंडात घालता येत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलाचा हात असाच अडकून बसलाय, आता तो मोठा झालाय, शर्टाचं वरचं बटण दुसऱ्या हाताने लावतो. मुका मार, सूज, वाकडेपणा काही असलं तर हात गळ्यात अडकवायचा आणि लगेच इस्पितळ, पहिले दोन दिवस बर्फ. मालिश नंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा.

तीच गोष्ट अर्धांगवायूची. माणूस इस्पितळातून घरी आला की लांबलांबून मालिशवाले आणतात. तेल लावा, कातडी चांगली राहते, माणसाला बरं वाटतं, पण लुळा हात खांद्यातून ओढू नका, तो खांदा आधीच सैल झालेला असतो, निखळतो. हात पाय परत चालायला लागतात ते मेंदूला पुन्हा पुन्हा शिकवून, म्हणजे फिजिओथेरपीने, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. मालिशच्या नादात सुरुवातीचे महिने वाया जातात.

आणि सलून. दाढी झाली की चंपी आणि चंपीच्या शेवटी मान धरून कटकन आवाज काढायचा, दोन्ही बाजूंनी. चंपी झकास, मान मोडणं बंद करा. मानेच्या मणक्यातून मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या जातात, झटक्याने त्यांचा आतला पापुद्रा फाटू शकतो आणि त्याने पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो. क्वचित होतं, पण वीस रुपयांच्या टिपेसाठी कशाला. आपण आधीच सांगायचं, मान नको.

उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय लावून घेणारे आमच्याकडे अजून आहेत, त्यात निदान कोणी जोर तरी लावत नाही! उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपणच जाते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली कंबरदुखीवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात नव्या कंबरदुखीला आधी गोळ्या नकोत, शेक, मालिश असले उपाय करून बघा असं म्हटलंय, पुरावा फार भक्कम नाही हेही तिथेच लिहिलंय. जुनी कंबरदुखी असेल तर मात्र व्यायामाला पर्याय नाही. सर्दीपडशाला आणि अंगदुखीला फेणी चोळणारेही आहेत, अर्धी अंगाला अर्धी पोटात, त्यावर मी काय बोलणार. पण कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या, पाय उचलता न येणं, लघवीवर ताबा जाणं यातलं काही असेल तर मालिशवाल्याकडे नाही, त्याच दिवशी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात.

आता मागणी. आपल्या गोव्यात सोय नाही असं नाही. शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे, धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली, बांबोळीला गोमेकॉत फिजिओथेरपी विभाग आहे. ही तिन्ही ठिकाणची जाणती माणसं एकत्र बसून एका पानाचा फॉर्म बनवू शकतात. त्यात जास्त काही नको. ताप आहे का, बीपी शुगर हार्टचा त्रास आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांत ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालंय का, एका पायाला सूज आहे का, कॅन्सरचे उपचार चालू आहेत का, दिवस गेलेत का, कातडीला काही झालंय का, कशाची ॲलर्जी आहे का. हॉटेलचा स्पा असो, आयुर्वेद केंद्र असो की किनाऱ्यावर चटई टाकून बसलेला मालिशवाला, हा फॉर्म भरून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही असा नियम आरोग्य खात्याने आणि पर्यटन खात्याने मिळून करावा, आणि जिथे हो उत्तर आलं तिथे डॉक्टरांची चिठ्ठी मागायची.

फॉर्म मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी, कन्नड अशा सगळ्या भाषांत पाहिजे, सोबत चित्रं पाहिजेत, कारण कितीतरी स्पांमध्ये काम करणाऱ्या मुली ईशान्येकडून आलेल्या असतात, त्यांच्या हाताला गुण असतो, मी त्यांच्याकडून शिकलेय, पण आमच्या काकींचं मराठी त्यांना कळत नाही आणि त्यांचं हिंदी काकींना कळत नाही, मग दोघी हसतात आणि मालिश सुरू होते. आणि थेरपिस्टने नाही म्हटलं तर तिचा पगार कापायचा नाही हे त्या नियमात स्पष्ट लिहा, नाहीतर फॉर्म भरले जातील आणि सगळ्यांची उत्तरं नाही अशीच येतील. हॉटेलात असताना मी एका पाहुण्याला ताप आहे म्हणून परत पाठवलं होतं तर तेवढे पैसे माझ्या हिशोबातून गेले, त्या जागेचं नाव मी लिहीत नाही, असं बऱ्याच ठिकाणी चालतं.

तोवर वाचकांनी एवढं करावं, कोणी विचारलं नाही तरी आपणच सांगावं. कपडे बदलायच्या आधी, रिसेप्शनवर नाही, जी हात लावणार आहे तिला. शुगर आहे, अमुक गोळी चालू आहे, इथे प्लेट घातलीय. ऐकून तिने दोन प्रश्न उलट विचारले तर ती जागा चांगली. चालेल चालेल म्हणत तेल ओतायला लागली तर चपला घालून बाहेर पडा, पैसे आधी भरले असतील तरी.

पत्र लांबलं, जागा असेल तेवढं छापा, पण कोपराचं आणि एका पायाच्या सुजेचं कापू नका.

आपली,
एक मसाज थेरपिस्ट,
म्हापसा